गौण खनिज

कोकणात जुनं घर बांधायचं तर दोन गोष्टी लागायच्या. चिरा आणि चुना. चिरा पायाखालीच होता. चुन्याचे मात्र वांधे. आपला सगळा भाग बसाल्टचा आणि त्यावर जांभ्याची टोपी, चुनखडीचा दगड म्हणावा असा नाहीच. मग किनाऱ्यावरच्या शिंपल्या गोळा करून भट्टीत भाजायच्या आणि तो चुना वापरायचा. लांजा तालुक्याला तर समुद्रही नाही. मुचकुंदी इथून वाहत जाऊन पूर्णगडला समुद्राला मिळते, तेवढंच काय ते नातं. म्हणजे चुना खाडीवरून वर आणायचा. त्यामुळे चुना जपून वापरायची वस्तू होती, आणि चिरा... चिऱ्याला कोण विचारतो? तो काय, सड्यावर पडलाय.

पुढे चुन्याची जागा सिमेंटने घेतली आणि आपली चुनखडी चंद्रपूरकडून, गडचांदूर-आवारपूरच्या बाजूने यायला लागली. आता गंमत बघा. एकाच भिंतीत शेजारी शेजारी बसलेल्या ह्या दोन वस्तू, दोन्ही जमीन खणूनच काढलेल्या. पण सिमेंटसाठी खणलेल्या खड्ड्याचं पुढे काय करायचं ह्याचा आराखडा कागदावर असतो. टप्पे असतात, नकाशे असतात, सरकारकडे ठेवलेली हमीची रक्कम असते. चिऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्याला ह्यातलं बराच काळ काहीही लागू नव्हतं. हा फरक कुठून आला, ते शोधायला मी गेले तीन-चार विकांत घालवले. कारण घरगुती आहे, ते पुढे येईलच.

ज्यांना चिरा म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी: मुंबई-गोवा हायवेने अंजणारीचा घाट उतरून-चढून लांज्याकडे जाताना दोन्ही बाजूंना जे लालसर, भोकाभोकांचं, काळपट पडलेलं सपाट रान दिसतं, तो सडा. त्याचा दगड तो जांभा. तो चौकोनी कापला की चिरा. बसाल्ट लाखो वर्षं पावसात झिजला, त्यातलं सिलिका वगैरे धुऊन गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा हा दगड झाला. ताजा असताना मऊ, टिकावाने तासता येतो. उन्हावाऱ्यात ठेवला की कडक होतो. रत्नदुर्ग, पूर्णगड, जयगड ह्याच दगडाचे. गोव्यातलं बॉम जेझसचं चर्च (१६०५ साली पुरं झालं) ह्याच दगडाचं.

त्याला इंग्रजी नाव मिळालं ते मात्र आपल्याकडे नाही, केरळात. टिपू १७९९ साली पडल्यावर वेलस्लीने फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या डॉक्टरला नव्याने हाती आलेला मुलूख बघून यायला पाठवलं. १८००-०१ मध्ये तो मद्रासहून निघून म्हैसूर, कानडा, मलबार फिरला आणि १८०७ साली तीन खंडांत त्याचं प्रवासवर्णन छापून आलं. मलबारात अंगडीपुरमला त्याने हा दगड विटांसारखा कापताना पाहिला. लॅटिनमध्ये वीट म्हणजे 'लेटर', म्हणून त्याने नाव ठेवलं लॅटेराइट. मला ह्यात आवडलेली गोष्ट अशी की, नाव दगडावरून पडलेलं नाही, कामावरून पडलंय. खाणीत चाललेलं काम बघून एका दगडाला जगभराचं नाव मिळालं. आणि ज्या खाणीमुळे नाव मिळालं त्या खाणीचं पुढे काय होतं, ह्याकडे नंतर दीडशे वर्षं कुणी पाहिलं नाही.

अर्थात तेव्हा बघण्यासारखं काही नव्हतंही. टिकावाने चिरे काढायचे तर दिवसाला मोजकेच निघायचे. घराला लागतील तेवढे काढायचे, त्यातून झालेला खड्डा बहुतेक वेळा त्याच घराची विहीर नाहीतर गुरांच्या पाण्याचं डबकं. खड्डा लहान, वापर ठरलेला. ही एक प्रकारे फेरवापराची योजनाच होती, फक्त तिला कुणी योजना म्हणत नव्हतं.

टप्प्याटप्प्याने जमीन वापरणं हेही कोकणाला नवीन नाही. भाताच्या खाचरांखेरीज डोंगरउताराची जी जमीन असते तिला वरकस म्हणतात. तिथे एका तुकड्यात नाचणी, मग वरी, मग हरीक असं एकदोन-तीन वर्षं घ्यायचं आणि नंतर तो तुकडा काही वर्षं सोडून द्यायचा. तोवर दुसरा तुकडा. कस भरून आला की परत पहिला. खोतीच्या काळात ह्या वरकसवरून कुळं आणि खोत ह्यांची कमी भांडणं झाली नाहीत, त्यामुळे त्याकाळचं गोडगोड चित्र रंगवायची माझी इच्छा नाही (१९४९ च्या कायद्याने खोती गेली ते बरंच झालं). पण पाळीपाळीने खणायचं-पेरायचं, मागचा तुकडा सावरू द्यायचा, ही कल्पना इथल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही, एवढंच.

सड्याचं मात्र तसं नव्हतं. इंग्रजांनी १८३६ साली इंदापुरात गोल्डस्मिडकरवी नवी जमीनमोजणी सुरू केली, पुढे विंगेट वगैरे मंडळींनी ती इलाखाभर नेली. त्या पद्धतीत जमिनीची किंमत ठरायची ती पिकावर. जे पिकत नाही त्यावर आकार नाही, ते खराबा. सातबाऱ्यावर आजही 'पोटखराबा' असा रकाना असतो. सड्याचा मोठा भाग ह्या रकान्यात जाऊन पडला. एकदा कागदावर खराब म्हटलं की ती जमीन आणखी खराब झाली काय आणि नाही झाली काय, रेकॉर्डला काहीच फरक पडत नाही. डेटाबेसमध्ये कॉलमचं नाव चुकीचं ठेवलं की पुढची वीस वर्षं सगळे त्या नावाप्रमाणे वागतात, तसं झालं हे.

दुसरं नाव १९५७ सालचं. त्या वर्षी केंद्राने खाणी आणि खनिजं ह्यांचा कायदा केला, त्यात खनिजांचे दोन गट पडले. लोखंड, मँगनीज, बॉक्साइट, सिमेंटची चुनखडी ही प्रमुख खनिजं. इमारतीचा दगड, खडी, साधी माती, साधी वाळू ही गौण खनिजं. गौण खनिजांचे नियम करायचे अधिकार ह्या कायद्याच्या कलम १५ ने राज्यांना दिले. हेतू वाईट नव्हता. घरासाठी चार गाड्या दगड काढणाऱ्याला दिल्लीची परवानगी कशाला? पण चिरा त्या दिवसापासून गौण झाला.

१९८८ साली केंद्राने खनिज संवर्धनाचे नियम केले. मी ते वाचले आणि चाट पडलो. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवा, ती नंतर वापरा. खणलेल्या जमिनीची दुरुस्ती काम चालू असतानाच टप्प्याटप्प्याने करत चला आणि खाण सोडून जायच्या आत ती पुरी करा. १९८८! म्हणजे मी शाळेत जायच्या आधीपासून. २००३ साली त्यात खाण बंद करण्याचा आराखडा आला आणि पैशाची हमीही आली, यांत्रिक मोठ्या खाणींसाठी हेक्टरी २५ हजार रुपये. २०१७ च्या नव्या नियमांत ती ३ लाख झाली आणि २०२१ च्या दुरुस्तीत ५ लाख. काम केलं नाही तर रक्कम जप्त. सगळं व्यवस्थित. आणि सुरुवातीलाच एक वाक्य, की हे नियम गौण खनिजांना लागू नाहीत.

इकडे चिरा गौण राहिला असला तरी खाण गौण राहिली नव्हती. टिकावाच्या जागी कापायची मशीन आली. रुळांवरून सरकणारं मोठं गोल पातं. आधी उभे काप, मग आडवे, मग खालून एक काप, की चिरे पहारीने उचकटून घ्यायचे. वरचा थर जेसीबीने काढायचा. एका थराखाली दुसरा, असं खाली खाली जायचं, जिथे जांभा संपून पांढरट-गुलाबी मऊ माती लागते तिथपर्यंत. जांभ्याची मागणी घाटावरही गेली, आंबा घाटातून ट्रक कोल्हापूरकडे जायला लागले. खाणीवर राबणारी माणसं बऱ्याचदा कर्नाटकातून आलेली, खाणीशेजारीच झोपड्यांत राहणारी. त्यांच्या नाकातोंडात जाणाऱ्या लाल भुकटीबद्दल एक वेगळा लेख लिहायला हवा.

जरा हिशेब करू. चिरा समजा सव्वा फूट लांब, पाऊण फूट रुंद आणि सात इंच जाड. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तो दहा फूट खणला तर १०,८९० घनफूट, म्हणजे सुमारे १०९ ब्रास. फुटलेले तुकडे, पात्याने खाल्लेली भुकटी, वरचा वेडावाकडा कातळ ह्यात तिसरा हिस्सा गेला असं धरलं तरी गुंठ्याला तेराएक हजार चिरे निघतात. एकराला पाच लाखांच्या वर. ज्याच्या सातबाऱ्यावर 'खराबा' लिहिलंय त्याला कुणी एका चिऱ्यामागे एक रुपया जरी द्यायला लागलं, तर तो काय म्हणेल सांगा.

म्हणजे कायद्याने जे लहान ठरवलं ते मोठं झालं, पण तुकड्यातुकड्याने मोठं झालं. कुणाचा एक एकर, कुणाचे वीस गुंठे. २००६ च्या पर्यावरण नियमांत पाच हेक्टरच्या आतल्या खाणींना मंजुरी नको होती. हे असं असलं की देशभर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, खाणी पाच हेक्टरच्या आतच निघायला लागतात. शेवटी २७ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा सरकार ह्या प्रकरणात सांगितलं की पाच हेक्टरच्या आत असली तरी मंजुरी लागेल, आणि राज्यांनी गौण खनिजांनाही खाणकामाचा आराखडा लागू करावा. प्रकरण होतं नदीतल्या वाळूचं, लागू झालं आपल्या चिऱ्यालाही. महाराष्ट्राने २०१३ साली गौण खनिजांचे नवे नियम केले. १९८८ ते २०१२, चोवीस वर्षं. लांजा-राजापूरच्या बाजूला फिरताना सड्यावर जे चौकोनी पाण्याने भरलेले खड्डे दिसतात, त्यातले किती तरी ह्या चोवीस वर्षांतले आहेत. कडेला कुंपण नाही, उतार नाही, सरळ भिंत. पावसाळ्यात हिरवं पाणी. अशा पाण्यात पोरं आणि गुरं बुडाल्याच्या बातम्या कोकणात दरवर्षी येतात.

आता जगात हे काम नीट कुणी केलंय का? केलंय, आणि तेही चुनखडीच्याच खाणीत. केनियात मोंबासाजवळ बांबुरी सिमेंटच्या खाणी होत्या. प्रवाळाची चुनखडी काढून झाल्यावर मागे राहिलं ते पांढरं, तापलेलं, खारट पाणी झिरपणारं मैदान. १९७१ साली कंपनीने रेने हॅलर ह्या स्विस शेतीतज्ज्ञाला तिथे काहीतरी उगवून दाखवायला सांगितलं. त्याने २६ जातींची झाडं लावून पाहिली. जगली तीन, आणि त्यातलं कामाला आलेलं झाड म्हणजे आपल्या किनाऱ्यावर असतं ते सुरू! सुरूच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन धरतात. पण खाणीच्या तळाला ते सूक्ष्मजीवही नव्हते, म्हणून जुन्या सुरूखालची माती आणून घालावी लागली. झाडं वाढली, तर पुढची अडचण. सुरूची पानं कुजेनात. मग हॅलरने बघितलं की लाल पायांचे मोठे वाणी (आपल्याकडे पावसाळ्यात वेटोळं करून बसतात ते) ती पानं खातात. त्याने वाणी गोळा करून आणून सोडले. त्यांच्या विष्ठेतून माती तयार झाली, मग इतर झाडं, मग तळी, मासे. १९८४ ला ते लोकांना बघायला खुलं झालं. २००४ च्या त्सुनामीनंतर हिप्पोचं पिल्लू आणि म्हातारं कासव ह्यांच्या मैत्रीचे फोटो ईमेलमधून फिरत होते, आठवतात? ओवेन आणि म्झी. ते दोघं ह्याच खाणीत राहत होते.

आपल्याजवळ बघायचं तर गोव्यात साखळीची लोखंडाची खाण आहे. खनिज संपल्यावर तिथे झाडं लावली, खड्ड्यांच्या पाण्यात मासे पाळले, आणि १९९९ साली फुटबॉलची अकादमी उभी राहिली. पण बांबुरी काय, साखळी काय, मालक एकच मोठी कंपनी, तिच्याकडे पैसा, शेकडो हेक्टर सलग जमीन आणि पगारी तज्ज्ञ. वीस गुंठ्यांच्या सड्याला ह्यातलं काही नाही.

आणि तरी माझं मत असं झालंय की लांज्याला हॅलरची गरज नाही. कातळावर माती तयार करून झाड जगवणं हे कोकण गेली कित्येक वर्षं करतोय. सुरुंग लावून किंवा फोडून कातळात खड्डा काढायचा, लांबून माती आणून भरायची, हापूसचं कलम लावायचं, पहिली काही वर्षं डोक्यावरून पाणी घालायचं. १९९०-९१ पासून रोजगार हमीतून फळबाग लागवडीला अनुदान मिळायला लागल्यावर हे कित्येकांनी केलं. ज्या माणसाने सपाट कातळावर आंबा उभा केला, त्याला खाणीच्या तळात काजू उभा करणं अवघड नाही. त्याला हवी असते ती माती. आणि नेमकी तीच खाण सुरू करताना पहिल्या दिवशी जेसीबी ढकलून देतो.

म्हणून टप्पे महत्त्वाचे. एक एकराच्या चार पट्ट्या करा, दहा-दहा गुंठ्यांच्या. पहिल्या पट्टीची माती बाजूला रचा, पावसाने वाहून जाणार नाही अशी. पहिली पट्टी खणून झाली की दुसरीचे तुकडे आणि भुकटी पहिलीत टाका आणि दुसरीवरची माती ताजी ताजीच पहिलीवर पसरा. माती ढिगात वर्षानुवर्षं पडली तर त्यातलं बी आणि जीवजंतू मरतात, म्हणून ताजी. तिसरीची दुसरीत, चौथीची तिसरीत. लहानपणी पंधरा सोंगट्यांचं सरकवायचं कोडं असायचं ना, एक घर रिकामं ठेवून? तस्संच. शेवटी एक पट्टी रिकामी उरते, तिचं तळं. वरच्या हिशेबाने तिसरा हिस्सा तुकडे, ते मोकळे झाल्यावर फुगतात असं धरून दहा फुटांचा खड्डा चार-सव्वाचार फूट भरतो. पूर्ण नाही भरत. पण दहा फुटांची उभी भिंत आणि सहा फुटांचा पायऱ्यापायऱ्यांचा उतार ह्यात म्हशीच्या जिवाचा फरक आहे. आणि तळाशी दोन-तीन फूट जांभा सोडून द्यायचा. पावसाचं पाणी सच्छिद्र जांभ्यातून खाली जाऊन त्या मऊ मातीच्या थरावर अडतं आणि कडेने झरे होऊन बाहेर येतं. खालच्या वाडीची विहीर आणि पऱ्या त्यावर असतात. मातीपर्यंत खरवडलं की ती वाट मोडते.

अर्थात हे सगळं करूनही सडा परत येत नाही. काजूची बाग येते. सडा वेगळी गोष्ट आहे. जूनमध्ये त्यावर दिपकाडी कोकणेन्स नावाचं पांढऱ्या फुलांचं कंदाचं झाड येतं, ते जगात फक्त आपल्या भागातल्या सड्यांवर. श्रावणात सीतेची आसवं आणि गेंदांचे गालिचे. आणि ह्याच सड्यांवर कातळात कोरलेले हत्ती, मासे, माणसं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई ह्यांनी पायपीट करून ती शोधून काढली, आणि २०२२ साली त्यातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सात रत्नागिरी जिल्ह्यात, एक सिंधुदुर्गात, एक गोव्यात. कशेळीचा हत्ती अठरा मीटरच्या आसपास आहे. त्याच्यावर मशीन फिरली असती तर काही हजार चिरे झाले असते, आणि कुणाला कळलंही नसतं. तेव्हा कुठला सडा खणायचाच नाही हे आधी ठरवावं लागतं, टप्पे त्यानंतर.

आता घरगुती कारण. लांज्याजवळ आमचा दीड एकर सडा आहे. सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यात एक माझं. गावी काका राहतात, त्यांना घराचं छप्पर बदलायचंय, आणि एका खाणवाल्याने तीन वर्षांसाठी जागा मागितलीय. काकांचा फोन आला, "अरे, कातळ तो. गवताखेरीज काय येतंय त्याच्यावर? सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुझीच राहिलीय." मी म्हटलं, काका, मला दोन महिने द्या. छपराचे पैसे पुण्यात बसून मी देत नाही, तेव्हा सड्याच्या फुलांवर व्याख्यान द्यायचा मला फारसा अधिकार नाही, हे मला कळतं. गणपतीत गेलो तेव्हा सडा पायाखाली घातला. कोरीव काही दिसलं नाही. पूर्वेच्या कडेला झरा आहे, तो खालच्या वाडीचा.

मग करारात चार गोष्टी लिहिल्या. पूर्वेची अर्धा एकर पट्टी सोडायची. उरलेल्या एकराचे चार टप्पे, आधीचा भरल्याशिवाय पुढचा नाही. तळाला तीन फूट जांभा. आणि हेक्टरी ५ लाखांच्या हिशेबाने दोन लाख रुपये अनामत, काम झालं की परत.

खाणवाला भला माणूस आहे. पहिल्या अटीला लगेच हो म्हणाला, तिसरीला थोडी घासाघीस करून दोन फुटांवर आला. टप्प्यांचं ऐकून म्हणाला, "माती काय, टाकू की परत." अनामतीचं वाचल्यावर मात्र त्याने कागद घडी करून काकांच्या हातात दिला. "ह्या लायनीत अनामत कोण देत नाही, काका. शेजारचा सडा आहे, तिकडे बघतो." काकांनी त्याला चहा घेऊन जा म्हटलं.

शेजारच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत. त्यातली चार मुंबईची, एक दुबईचं. काकांनी त्यांचे फोन नंबर मला पाठवलेत.